दोर धरणाऱ्याचं ताट

१

संध्याकाळ डेल्मिराला नको वाटायची. दिवसभर उकायाली नदीच तराफा वाहून नेत होती, त्यात फारसं काही करावं लागत नव्हतं. पण अंधार पडायच्या आत तराफा काठाला लावायचा म्हणजे कुणीतरी दोर घेऊन काठावर उडी मारायला हवी, आणि ते कुणीतरी म्हणजे तीच. नवऱ्याच्या, आर्तेमिओच्या, उजव्या खुब्यानं दोन वर्षांपूर्वीच राजीनामा दिला होता. तो मागच्या वल्ह्यापाशी खोक्यावर बसून सूचना करायचा. सूचना करण्यात त्याचा खुबा कधी आड आला नाही.

तराफा टोपा नावाच्या झाडाच्या ओंडक्यांचा होता. टोपाचं लाकूड हलकं, बुडायचं नावच घेत नाही. म्हणून इकितोस शहराच्या खालच्या वस्तीत लोक त्याच्यावरच घरं उभारतात. नदी चढली की घर चढतं, उतरली की उतरतं. त्यांच्या मुलीनं, येनीनं, आपल्या घराला लागून जागा धरून ठेवली होती. तराफा तिथवर न्यायचा, खांबाला बांधायचा, की तेच घर. पाल्याचं छप्पर, मातीच्या थरावरची चूल, मच्छरदाणी, सगळं गावाहून निघतानाच थाटलं होतं. गावात मागे ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दरड कोसळली तेव्हा स्वयंपाकघर, होडी आणि अर्धी केळीची बाग नदीनं एका दुपारी गिळली होती, आणि उरलेलं न्यायला ती परत येणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"एकदा तिथं बांधलं ना, की मी पुन्हा उठणार नाही," आर्तेमिओ म्हणायचा. "येनीच्या दारात बसेन आणि येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या घालेन."

"ते तू इथंही करतोसच की."

"इथं ऐकायला तू एकटी, म्हातारे. रंगत येत नाही."

मग तो हसायचा, हसण्याचा खोकला व्हायचा, आणि खोकला लवकर थांबायचा नाही. डेल्मिरा तेवढा वेळ पाण्याकडे बघत बसायची. तिला देवाकडे दुसरं काही मागायचं नव्हतं. हा माणूस त्या दारात नेऊन बसवला की सुटले, असं तिला वाटायचं.

२

त्या संध्याकाळी ती दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन पुढच्या कडेला उभी होती आणि गुडघे आधीच कुरकुरत होते. तेवढ्यात काठावर माणूस दिसला. त्यानं हात वर केला होता.

नदीवर याबद्दल काही विचारावं लागत नाही. काठावरच्यानं हात वर केला की दोर त्याच्याकडे फेकायचा, तो झाडाला बांधतो. मग त्याला हाक मारायची आणि जे शिजलं असेल ते त्याच्यापुढे ठेवायचं. घरात एकच मासा असला तर त्याच्या वाट्याला डोकं नाही, पोटाचा तुकडा. नाव कुणी विचारत नाही, पण ताट चुकत नाही.

डेल्मिरानं दोर फेकला. त्यानं तो हवेतच धरला आणि चढण चढून गेला. दोर ताणला, तराफा हळूच वळून काठाला टेकला. उडी मारावी लागली नाही एवढ्यावरून तिला रडूच यायचं बाकी राहिलं.

तिनं चूल फुंकली, कच्ची केळी आणि मासा उकडायला टाकला, आणि वास सुटल्यावर काठाकडे तोंड करून हाक मारली. "या हो, जेवायला या."

कुणी आलं नाही. तिनं पुन्हा बोलावलं, मग आर्तेमिओनं आपल्या भसाड्या आवाजात बोलावलं. वर बोरूचं रान होतं, त्यात वारा नव्हता.

"लाजत असेल," आर्तेमिओ म्हणाला.

"नदीकाठचा माणूस आणि जेवायला लाजतो? कधी पाहिलायस?"

"मग तुझ्या स्वयंपाकाची कीर्ती पोचली असेल."

ताट केळीच्या पानानं झाकून ठेवलं. सकाळी त्याला मुंग्या लागल्या होत्या. डेल्मिरा दोर सोडायला वर गेली. झाडापलीकडे लगेच दलदल सुरू होत होती. झोपडी नव्हती, पायवाट नव्हती, होडी ओढल्याची खूण नव्हती. माणूस मोटरबोटीनं आला असेल आणि गेला असेल, असं तिनं ठरवलं. मग तिनं गाठ पाहिली.

आर्तेमिओच्या डाव्या हाताची तर्जनी तरुणपणी करवतीखाली गेली होती. त्यामुळे त्याची गाठ उलट्या बाजूनं फिरायची आणि शेवटी एक जास्तीचा वेढा घेऊन आत खोचली जायची. येनी लहान असताना तिला 'बाबांची गाठ' म्हणायची, कारण दुसऱ्या कुणाला ती नीट मारताच यायची नाही. झाडावर बाबांची गाठ होती.

डेल्मिरा ती सोडवत बसली. बोटांना सवय होती, फार वेळ लागला नाही.

"त्यानं तुझ्यासारखी गाठ मारली होती," खाली आल्यावर ती म्हणाली.

"मग माणूस शहाणा असणार," आर्तेमिओ म्हणाला, आणि वल्हं सरळ केलं.

३

दुसऱ्या दिवशी पाऊस पिरपिरत राहिला. दिवस नुसता अंगावरून गेला. एक मोठी बोट वरच्या दिशेला गेली, तिच्या लाटांनी चूल भिजली, आणि बोटीवर टांगलेल्या झोळ्यांत पडलेल्या लोकांनी हात हलवले. डेल्मिरानं हात हलवला नाही. तो वर उचलायचाच कंटाळा आला होता.

त्या संध्याकाळी त्यांनी डावा काठ धरला, कारण उजवीकडे भोवरे होते. नदी तिथं इतकी रुंद आहे की पलीकडचं झाड ओळखता येत नाही. तर डाव्या काठावर माणूस उभा होता, हात वर करून.

डेल्मिरा त्याच्याकडे बघत राहिली. फिकट सदरा, गुडघ्यापर्यंतची चड्डी, टोपी. या नदीवरचे सगळे पुरुष संध्याकाळी असेच दिसतात, आर्तेमिओही असाच दिसतो. कालचा उजव्या काठावर होता. काठानं चालत कुणी तराफ्याच्या पुढे जाऊ शकत नाही, मध्ये दलदल आणि नाले आहेत. मोटर असेल तर जाईल. पण ज्याच्याकडे मोटर आहे तो असल्या ओसाड जागी रोज दुसऱ्याचा दोर धरायला कशाला थांबेल?

आज आपणच उडी मारावी, असं तिच्या मनात आलं. मनात आलं तेवढंच. गुडघे म्हणाले, नको. आणि हातांनी काय केलं, तर दोर फेकून मोकळे झाले.

"अरे वा, आजही," मागून आर्तेमिओ म्हणाला. आणि त्याला खोकला लागला.

तो थांबल्यावर वरच्या झाडीतूनही खोकल्याचा आवाज आला. आवाज तिकडे आपटून परत आला असेल. नदीवर असं होतं.

जेवायला कुणी आलं नाही. आर्तेमिओनं स्वतःच्या पुढ्यातलं बराच वेळ चिवडलं. "दोन दिवस त्यानं आपलं काम केलं, म्हातारे. आणि उपाशी गेला. हे मला बरं वाटत नाही."

"मला तर काहीच बरं वाटत नाहीये," डेल्मिरा म्हणाली. "तू जेव."

खुब्याला चोळायची अजगराची चरबी तिनं चुलीजवळ गरम करत ठेवली होती. रोज झोपताना ती त्याचा खुबा चोळायची आणि तो कण्हत पडायचा. चोळता चोळता तिला डुलकी लागली, आणि त्यानं तिचा हात बाजूला करून पांघरूण घातलं.

४

तिसऱ्या दिवशी दुपारी एका वस्तीपाशी धार मंद झाली, तेव्हा काठावरच्या पोरांनी तराफा ओढून घेतला. तिथं झोइला नावाची जाडजूड बाई कपडे धूत होती. डेल्मिरानं तिला मीठ दिलं आणि तिनं कसावाच्या कंदाचं भाजलेलं जाडं पीठ आणि फणीभर केळी दिली.

"तिकडं वरच्या अंगाला कोण राहतं गं?" डेल्मिरानं विचारलं. "बोरूच्या रानापाशी. आमचा दोर धरला कुणीतरी."

"कोण राहणार? डास राहतात." झोइलानं सदरा पिळला. "कुणी धरला ना दोर, मग झालं. नशीब म्हण. जेवला का?"

"आलाच नाही. हाका मारून घसा बसला."

"हाका? अगं, नवी नवरीसुद्धा हाकेनं येत नाही, तिला आणायला जावं लागतं." झोइलानं डोळे मोठे केले. मग ती आर्तेमिओकडे वळली. "काय हो दादा, दोर धरणाऱ्याला उपाशी ठेवून निघालात? शहरात राहायला आत्तापासूनच लायक झालात की."

आजूबाजूच्या बायका हसल्या. आर्तेमिओही हसला, पण त्याचे कान लाल झाले. तो आयुष्यभर नदीवर राहिला होता आणि कुणी त्याला असं बोललं नव्हतं. डेल्मिराला त्या बाईचा राग आला. तराफा पुन्हा धारेला लागला तरी तो गेला नाही.

"चेष्टा करत होती ती," डेल्मिरा म्हणाली.

"खरं तेच बोलली."

"म्हाताऱ्या, दोन्ही काठांवर एकच माणूस होता. तुझी गाठ मारतो. मला तो नको आहे. आज मी उडी मारते."

आर्तेमिओनं तिच्याकडे पाहिलं. तिच्या नडग्यांवर उड्या मारून झालेल्या जखमा होत्या, त्यांच्याकडे पाहिलं. "तू उडी मारणार आणि मी बसून बघणार," तो म्हणाला. "दोन वर्षं तेच चाललंय. एक माणूस फुकट हात देतोय, तर तोही तुला नको."

खरं सांगायचं तर तिलाही तो हात हवाच होता.

५

त्या संध्याकाळी तो होता. दोर त्याच्याकडे गेला. तिनं फेकला की त्यानं मागून घेतला, हे तिला नंतर आठवेना.

काठ उंच होता, पण तराफा अगदी चिकटून लागला. आर्तेमिओनं स्वतः ताट वाढलं. पोटाचा तुकडा, दोन केळी, वर मूठभर पीठ. मग तो उठून उभा राहिला.

"कुठं निघालास?"

"आणायला जातोय. येत नाही तर तिथं देऊन येतो."

"मी नेते, दे."

"तू बस. तराफा माझा आहे. पाहुणा माझा आहे. एवढं तरी करू दे मला."

डेल्मिरानं ऊठ म्हणून पायांना सांगितलं, आणि पाय उठले नाहीत. पुढे कितीतरी वेळा तिनं स्वतःला हे विचारलं असेल की त्या वेळी आपण का उठलो नाही. दुसरं कारण नव्हतंच. ती दमली होती. तिनं फक्त काठावर टाकलेली फळी धरून ठेवली, आणि तो एका हातात ताट घेऊन, दुखरा पाय आधी टाकत, मग दुसरा त्याच्या शेजारी आणत, चढणीनं वर गेला. वर पोचल्यावर तो बोरूत शिरला.

"घ्या, गरम आहे," त्याचा आवाज आला. "आमच्या बाईला राग येतो, तुम्ही जेवत नाही म्हणून."

मग काही ऐकू आलं नाही. अजून उजेड होता, पाणी तांबूस दिसत होतं. मग खोकला आला. पुन्हा आला, तो जरा डावीकडून. डेल्मिरानं हाक मारली नाही. हाक मारली तर कोण ओ देईल, हे तिला नक्की सांगता आलं नसतं.

तो आला तेव्हा भराभर उतरत आला. फळीवर पाय न ठेवता त्यानं पाण्यावरून लांब टांग टाकली आणि तराफ्यावर उतरला. तराफा जराही डुलला नाही. हातात रिकामं ताट होतं.

"जेवला?" तिनं विचारलं.

"जेवला."

"कोण आहे?"

"आपल्यातलाच आहे."

"आणि तुझा खुबा? धावत आलास तू."

"बरा आहे," तो म्हणाला, आणि ताट धुवायला पाण्याशी वाकला. गेली दोन वर्षं त्याला वाकता येत नव्हतं.

६

माणसाला राग आला की अंगात बळ येतं, लाज वाटली की येतं. बरं काम करून आला आहे, म्हणून चार पावलं नीट पडली असतील. असं डेल्मिरा स्वतःला समजावत राहिली. चरबी गरम केलेली होती. तो मच्छरदाणीत जाऊन काठाच्या बाजूला तोंड करून पडला, त्यानं चोळ म्हटलं नाही. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग भांडं झाकून ठेवलं.

हायसं वाटलं. ते नाकारण्यात अर्थ नाही. आज चोळायचं नाही, कण्हणं ऐकायचं नाही, या विचारानं तिचं सगळं अंग सैल झालं. तो शेजारी मुकाट पडला होता. त्याच्या अंगाला धुराचा आणि माशाचा वास येत होता, रोज येतो तसा. तिनं हात लावून पाहायचं ठरवलं आणि लावला नाही.

झोप लागता लागता तिला त्याचा खोकला ऐकू आला. नेहमीसारखाच, तळापासून येणारा, लवकर न थांबणारा. बिचारा, असं ती मनात म्हणाली. आवाज लांबून, वरून कुठून तरी येत होता, हेही तिला कळलं. मग ती कूस बदलून झोपली. गाव सोडल्यापासून अशी झोप तिला लागली नव्हती.

७

जाग आली ती ओंडक्यांखाली वाहणाऱ्या पाण्याच्या आवाजानं. तराफा सोडलेला होता. धुकं होतं, सगळं दुधाळ दिसत होतं, आणि मागच्या वल्ह्यापाशी तो उभा होता. खोकं बाजूला सरकवलेलं होतं. दोराचं वेटोळं नीट गुंडाळून ठेवलेलं होतं.

"मला उठवलं नाहीस?" ती म्हणाली.

"झोपली होतीस."

तेवढ्यात काठावरून हाक आली.

"म्हातारे."

धुक्यातून चढण दिसत होती, आणि चढणीवरून कुणीतरी उतरत होतं. एक पाय आधी टाकायचा, मग दुसरा त्याच्या शेजारी आणायचा. सदरा अंगाला चिकटला होता. पाण्याच्या कडेला आल्यावर तो थांबला, आणि त्याला खोकला लागला. तो संपेपर्यंत तराफा आणखी पुढे गेला.

"म्हातारे, कुणाबरोबर चाललीस?"

आवाजात राग नव्हता. माणूस फार दमला की जसा बोलतो तसा तो बोलला.

डेल्मिरानं वळून वल्ह्यापाशी पाहिलं. तो पुढे, धारेकडे बघत होता. डावा हात वल्ह्यावर होता, तर्जनीच्या जागी खुंट होता, गालावरचा तीळ जिथल्या तिथं होता. धुक्यात काहीही दिसतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. फसवणारा तो काठावरचाच असेल. तीन दिवस तोच तर काठावर उभा होता. हे अगदी बरोबर होतं, आणि तरी ती काठाच्या बाजूला सरकली.

"काठाला लाव," ती म्हणाली. "लाव म्हणते ना."

"इथं बांधायला जागा नाही."

ते खरं होतं. चढण संपली होती आणि पाण्यात बुडालेलं बोरूचं रान सुरू झालं होतं, त्यात ना पाय ठेवता येत, ना दोर अडकवता येत. तिनं दोर उचलला आणि जोर लावून मागे फेकला. तो अर्ध्यावरच पाण्यात पडला आणि तराफ्यामागून ओढत येऊ लागला. तराफा उलटा जात नाही. पहिली मोटरबोट भेटली की तिला थांबवायचं आणि मागे धाडायचं, असं तिनं ठरवलं. पण बोटवाल्यांना सांगायचं काय? नवरा मागे राहिला म्हणून सांगायचं, आणि हा कोण असं त्यांनी विचारलं तर?

"डेल्मिरा," काठावरून हाक आली. चाळीस वर्षांत त्यानं तिला नावानं क्वचितच हाक मारली होती.

तिनं ओ दिली. निदान तोंड उघडलं. पुढून भोवऱ्याचा आवाज यायला लागला होता, आणि त्यात तिची ओ कुठवर गेली कोण जाणे. त्या वळणावर गेल्याच पावसाळ्यात एक तराफा फुटून ओंडके नदीभर झाले होते. तिथून एकट्यानं निघता येत नाही. दोन वल्ही लागतात, पुढं एक, मागं एक.

"वल्हं धर," तो म्हणाला. मग जरा थांबून, आठवल्यासारखं, "म्हातारे."

डेल्मिरानं पुढचं वल्हं धरलं. तराफा फुटला असता तर घर गेलं असतं, आणि घर गेलं असतं तर मागे राहिलेल्याला आणून ठेवायलाही जागा उरली नसती, असं काहीतरी ती मनाशी बोलत होती. त्यानं मागून हाक दिली की ती ओढायची, थांब म्हटलं की थांबायची. दोन वर्षांत त्याचं वल्हं इतकं नेमकं पडलं नव्हतं. तराफा भोवऱ्याच्या कडेनं अलगद निघाला आणि मोकळ्या पाण्याला लागला.

आता मागच्या काठावरून हाक येत नव्हती. समोर धुकं विरत होतं, ऊन पडत होतं. येनी खूश होईल, असं डेल्मिराच्या मनात आलं. बाबा चालायला लागले म्हणून सगळ्या वस्तीला सांगत सुटेल, दारात खुर्ची टाकेल, आणि आई, तू का बोलत नाहीस म्हणून विचारत राहील.